वजन घटवायचे, पण रोज किती उष्मांकांनी?

थंडीचे दिवस सुरू झाले, की छत्रपती संभाजीनगरात पहाटे फिरायला जाणाऱ्यांची संख्या वाढू लागते. विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, हिमायतबाग, सिद्धार्थ उद्यान ही ठिकाणे सूर्योदयापूर्वीच जागी होतात. या मंडळींच्या गप्पांत हल्ली एक आकडा हमखास ऐकू येतो, तो म्हणजे बाराशे. ‘रोज बाराशे कॅलरींवर राहायचे, महिन्यात पाच किलो उतरतात,’ असे कोणी तरी सांगतो. हा आकडा कधी मोबाइलमधील एखाद्या अॅपने सुचविलेला असतो, तर कधी ओळखीच्या कोणी वापरून पाहिलेला असतो. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. तिसऱ्या आठवड्यात चिडचिड आणि डोकेदुखी सुरू होते. दुसऱ्या महिन्यात घरात एखादे लग्नकार्य निघते आणि संक्रांत येईपर्यंत वजन पूर्वीच्या जागी येऊन बसते. मग दोष दिला जातो तो मनोनिग्रहाला. वास्तविक पाहता चूक बहुतेक वेळा आरंभीच्या आकड्यातच असते.

शरीराचा खर्च माणसागणिक वेगळा असतो. त्यामुळे वजन कमी करण्यासाठी किती खावे, याचे उत्तरही प्रत्येकाचे वेगळे असते. ते काढण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच लागू पडते आणि घरच्या घरी जमण्याजोगी आहे. तीच येथे समजावून घेऊ.

बाराशेचा आकडा आला कोठून?

अन्नातून मिळणारी ऊर्जा कॅलरीत, म्हणजेच उष्मांकांत मोजतात. आपण व्यवहारात ज्याला एक कॅलरी म्हणतो, ती शास्त्रीय परिभाषेत एक किलोकॅलरी असते. पाकिटांवर तसाच उल्लेख आढळतो. आहाराचा हिशेब उष्मांकांत करण्याची सवय सामान्य वाचकांना लावणाऱ्यांत अमेरिकेतील डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे आहारविषयक पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले व प्रचंड खपले. वजन घटवू इच्छिणाऱ्या स्त्रियांना त्यांनी रोजचे १२०० उष्मांक सुचविले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो आकडा आजही अनेकांच्या आहारपत्रकांत कायम आहे. तो पाळणारी व्यक्ती उंच आहे की ठेंगणी, वाळूजच्या कारखान्यात आठ तास उभी राहते की जालना रस्त्यावरील कार्यालयात खुर्चीवर बसते, याचा त्यात विचारच नसतो.

आधी खर्च मोजा

आपण काहीही न करता अंथरुणावर पडून राहिलो, तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. या कामासाठी लागणाऱ्या ऊर्जेला मूलभूत चयापचयाचा खर्च म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांच्या एकूण खर्चात याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. त्यावर हिंडण्या-फिरण्याचा, कामाचा आणि अन्नपचनाचा खर्च चढतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी ऊर्जेच्या गरजेचे सुधारित आकडे प्रसिद्ध केले. त्यानुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे १६६० उष्मांक लागतात. मध्यम श्रमाचे काम असेल, तर हेच आकडे अनुक्रमे २७१० व २१३० होतात. म्हणजे वजन सारखेच असले, तरी केवळ कामाच्या स्वरूपामुळे दोन पुरुषांच्या गरजेत सहाशे उष्मांकांचे अंतर पडू शकते.

स्वतःचा आकडा काढण्यासाठी १९९० पासून वापरात असलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे आणि वयाच्या पाचपट वजा करावे. आलेल्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. हा झाला मूलभूत खर्च. बैठी जीवनशैली असल्यास त्याला १.४ ने गुणावे, म्हणजे दिवसाचा एकूण खर्च कळतो.

एक उदाहरण घेऊ. चाळीस वर्षांच्या गृहिणीची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. सूत्राप्रमाणे तिचा मूलभूत खर्च सुमारे १२९० आणि दिवसाचा एकूण खर्च सुमारे १८०० उष्मांक येतो. आता बाराशेचा आहार तिच्या दृष्टीने काय ठरतो, ते पाहा. दिवसभर झोपून राहिली असती, तरी जेवढे लागले असते, त्याहूनही तो कमी आहे. त्या पोटावर तिने स्वयंपाक करायचा, जिने चढायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि पहाटे फिरायलाही जायचे!

दुसरे उदाहरण बेचाळीस वर्षांच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ७८ किलो वजनाच्या कारकुनाचे. त्याचा मूलभूत खर्च सुमारे १६०० व एकूण खर्च सुमारे २२५० उष्मांक येतो. त्याने बाराशेवर राहायचे ठरविले, तर रोज एक हजारांहून अधिक उष्मांकांची तूट पडेल. अशी तूट महिनोन्‌महिने सोसणे फारच थोड्यांना जमते.

सूत्राचे उत्तर हा अंदाज असतो, हे मात्र विसरू नये. भारतीयांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने पाश्चात्त्य लोकांवरून बेतलेली सूत्रे आपला खर्च थोडा फुगवून दाखवू शकतात. खरा आकडा पुढे वजनाचा काटाच सांगतो.

तूट किती ठेवावी?

एकूण खर्चातून ३०० ते ५०० उष्मांक वजा करावेत. उत्तर मूलभूत खर्चाच्या खाली जाऊ लागले, तर तूट कमी करावी. वरील गृहिणीसाठी १४०० ते १४५० आणि कारकुनासाठी १७५० ते १८५० हे उद्दिष्ट त्यामुळे वाजवी ठरते. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत घट सुरक्षित मानली जाते आणि या तुटीने आरंभीचे काही आठवडे साधारण तेवढ्याच मर्यादेत वजन उतरते.

‘इतके सावकाश कशाला?’ असा प्रश्न येथे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर पुण्यातील एका संशोधनात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगातही चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून जगापुढे आले. याच कारणास्तव भारतीयांसाठी २३ च्या पुढील इंडेक्स जादा वजनाचा आणि २५ च्या पुढील लठ्ठपणाचा मानण्याची शिफारस २००९ मध्ये तज्ज्ञांनी केली. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही सांगितले गेले.

उपासमारीच्या आहारात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच थोडी आहे, त्यांनी ती गमावणे महागात पडते. स्नायू घटले की शरीराचा खर्च घटतो, अशक्तपणा येतो आणि पुन्हा वाढणारे वजन मुख्यतः चरबीच्या रूपाने परतते. काट्यावर जुनाच आकडा दिसत असला, तरी शरीर पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत पोचलेले असते. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन बरेचसे परतले होते आणि त्यांचा मूलभूत खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता.

वर्षाचे गणित का चुकते?

एक किलो चरबीयुक्त वजन म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक, हे समीकरण अमेरिकी डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या १९५८ मधील लेखापासून रूढ झाले. त्या हिशेबाने रोज २५० उष्मांक कमी खाल्ले, तर वर्षात जवळपास १२ किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वजन कमी झालेल्या देहाला कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे आरंभी २५० असलेली तूट महिन्यागणिक आपोआप आकसत जाते.

केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे गणित सुधारून मांडले. त्यांच्या ठोकताळ्यानुसार आहारात कायमस्वरूपी केलेल्या दर २४ उष्मांकांच्या कपातीमागे शेवटी सुमारे एक किलो वजन कमी होते. मात्र त्यापैकी निम्मी घट व्हायला वर्ष लागते व जवळपास पूर्ण घट व्हायला तीन वर्षे. म्हणजे रोजच्या २५० उष्मांकांच्या कपातीने वर्षाअखेर बारा नव्हे, पाच किलोच कमी झालेले दिसतील. ज्याने बारा किलोंची आशा धरली होती, तो पाच किलो घटवूनही स्वतःला अपयशी समजतो आणि सारे सोडून देतो. अपेक्षा आधीच नेमकी ठेवली, तर हेच पाच किलो यश वाटते.

पाच किलो थोडे वाटत असतील, तर आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी घटविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या उदाहरणातील गृहिणीच्या बाबतीत सात टक्के म्हणजे पावणेपाच किलो होतात. लग्नातील छायाचित्रापर्यंत मागे जाण्याची गरज नाही. एवढ्या घटीनेही मोठा लाभ पदरात पडतो.

खुलताबादपर्यंत चालले तर?

चालण्याने किती उष्मांक खर्च होतात, याविषयी आपल्याकडे फार उदार कल्पना आहेत. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो भाविक खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी जातात. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. सत्तर किलो वजनाचा माणूस एवढे चालला, तर ढोबळमानाने बाराशे ते चौदाशे उष्मांक खर्च होतात. त्या वेळात तो घरी बसला असता, तरी त्यातील काही खर्च झालेच असते. सारा खर्च चरबीतून झाला असे मानले, तरी ही चरबी पाव किलोही भरत नाही. वाटेतील चहा-फराळाने त्यातील बरीचशी भरपाई होते, ती वेगळीच.

रोज पाऊण तास चालणाऱ्याचे सुमारे चार किलोमीटर होतात. वरील कारकुनाचे त्यात दीडशेच्या आसपास जादा उष्मांक खर्च होतात. फिरून परतताना खाल्लेली एक कचोरी ते सगळे वसूल करते. याचा अर्थ चालणे निरुपयोगी आहे, असा मुळीच नव्हे. रक्तशर्करा, रक्तदाब, झोप आणि मनःस्वास्थ्य यांवर चालण्याचा चांगला परिणाम होतो आणि उतरलेले वजन टिकविण्यास त्याची मोठी मदत होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा जोर, बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायाम केल्यास स्नायूही टिकतात. पण तूट मुख्यतः ताटातूनच निर्माण करावी लागते.

न दिसणारे उष्मांक

ताटात काय येते, हे मोजताना सर्वांत मोठी गफलत होते. ‘आम्ही फारसे खातच नाही, तरी वजन वाढते,’ अशी तक्रार करणाऱ्या काही लोकांचा अमेरिकेत बारकाईने अभ्यास झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही मंडळी प्रत्यक्षात खात होती त्याच्या जवळपास निम्मेच खाणे नोंदवीत होती, असे आढळले. त्यांची शरीरे वेगळी नव्हती. ती खोटे बोलत होती, असेही मानण्याचे कारण नाही. नजरेचा अंदाजच चुकतो.

आपल्या घरात हा अंदाज प्रामुख्याने चार जागी चुकतो.

पहिली जागा तेलाची. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर तेल पोटात जाते. त्याचे सुमारे २७५ उष्मांक होतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. या घरापुरते त्याचे मोल माणशी रोज सुमारे २७ उष्मांक, म्हणजे वर दिलेल्या ठोकताळ्यानुसार कालांतराने प्रत्येकी एक किलो वजन! महिन्याला एक लिटर तेल कमी आणले, तर प्रत्येकाचे जवळपास ७० उष्मांक वाचतात. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घालणे, एवढेच त्यासाठी पुरते.

दुसरी जागा चहाची. म्हशीचे ५० मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या कपात सुमारे ९५ उष्मांक असतात. कार्यालयात, दुकानात, पाहुण्यांबरोबर असे पाच कप झाले, तर पावणेपाचशे उष्मांक होतात. कप निम्मे केले आणि साखर एक चमचा केली, तर रोजच्या तुटीचा मोठा हिस्सा येथेच निघतो.

तिसरी जागा शेंगदाण्यांची. मराठवाड्याच्या स्वयंपाकात भाजीला कूट, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चे तेल ही नित्याची गोष्ट आहे. शेंगदाणे पौष्टिक आहेत, यात शंका नाही. परंतु शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेहून अधिक उष्मांक असतात. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभराच्या आसपास. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हणही याच संदर्भात आठवते. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा घातलेल्या खिचडीची एक बशी पाचशे उष्मांकांपर्यंत जाते.

चौथ्या जागेची नोंद कोणीच ठेवत नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून घरातील बाई ती संपवून टाकते. हे रोजचे शंभर-दोनशे उष्मांक तिच्या हिशेबात कधी धरले जात नाहीत. मग ‘मी तर एकच पोळी खाते’ हे तिचे म्हणणे खरे असूनही वजन हलत नाही. या प्रश्नाचे उत्तर एकट्या तिच्या संयमात नाही. स्वयंपाक बेताचा करणे आणि आपापले ताट स्वच्छ करणे ही सर्व घराची जबाबदारी होय.

दोनदा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना जेवणाच्या वेळांचा वाद टाळता येत नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार केला आणि २०१८ च्या सुमारास तो घराघरांत पोचला. त्याआधी २००९ पासून ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकांमुळे दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याची पद्धत रुळली होती. एकाच घरात नवरा एका पंथाचा आणि बायको दुसऱ्या पंथाची, असेही चित्र दिसू लागले.

दोन्ही मार्गांनी काहींचे वजन उतरते. अधल्यामधल्या वेळचे फरसाण, बिस्किटे आणि चहा सुटल्यामुळे एकाचे एकूण उष्मांक घटतात. भुकेने वखवखून ताटावर बसणे टळल्यामुळे दुसऱ्याचे घटतात. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने उष्मांक मोजून दिवसाच्या आठ तासांतच खाल्ले, दुसऱ्याने तेवढेच उष्मांक वेळेचे बंधन न पाळता खाल्ले. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील ८११ व्यक्तींच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चरबी, प्रथिने आणि कर्बोदकांची प्रमाणे बदलून चार आहार दिले होते. तेथेही सर्व गटांत सहा महिन्यांनी सरासरी सहा किलो आणि दोन वर्षांनी चार किलो घट कायम दिसली. तेव्हा आपल्या कामाच्या वेळांना जी पद्धत मानवेल, ती निवडावी. शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला घड्याळाचे नियम दर आठवड्याला मोडावे लागतात. चोवीस तासांची एकूण बेरीज मात्र त्यालाही पाळता येते.

चौदाशे-साडेचौदाशेचे ताट

उद्दिष्ट ठरले, तरी ते ताटात कसे दिसते, हे कळल्याशिवाय उपयोग नाही. वरील गृहिणीचा एक दिवस पुढीलप्रमाणे असू शकतो. सर्व आकडे अंदाजे आहेत.

सकाळी गाईच्या दुधाचा, एक चमचा साखरेचा चहा (६०). न्याहारीला ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, एक चमचा तेलात (२१०). दुपारी ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी (२००), दीड चमचा तेलातील पालेभाजी (१२०), वाटीभर वरण (१२०) आणि दोनशे ग्रॅम दही (१४०). सायंकाळी तसाच चहा व मूठभर फुटाणे (१५०). एक पेरू (५५). रात्री दोन फुलके (१९५), मोड आलेल्या मटकीची उसळ (१७५) आणि दाण्याचे कूट न घातलेली कोशिंबीर (३०). बेरीज सुमारे १४५५.

यात कोठेही परदेशी पदार्थ नाही किंवा वेगळा स्वयंपाक नाही. मूग, मटकी, हरभरा, वरण आणि दही मिळून प्रथिनेही पंचावन्न ग्रॅमच्या आसपास जातात. प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वजन घटविताना याहून थोडी अधिक असलेली बरी. मांसाहार करणाऱ्यांना अंडी, मासे व कोंबडी हे पर्याय आहेत.

नान-खलिया, हुरडा पार्टी, इफ्तार किंवा दिवाळीचा फराळ आयुष्यातून हद्दपार करण्याचेही कारण नाही. उद्दिष्ट दिवसाचे असले, तरी हिशेब आठवड्याचा ठेवावा. रविवारी चारशे उष्मांक अधिक गेले, तर पुढील चार दिवस शंभर-शंभर कमी करून ते सहज भरून निघतात. एका दिवसाच्या चुकीसाठी दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास केल्यास तिसऱ्या दिवशी पुन्हा ताबा सुटतो.

काटा कसा वाचावा?

आहार बदलल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, ते बहुतांशी पाणी असते. शरीरात साठविलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा घटला की ते निघून जाते. मिठाचे प्रमाण, मासिक पाळी, बद्धकोष्ठता यांमुळेही वजन दोन दिवसांत किलोभर वर-खाली होऊ शकते. त्यामुळे रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासऱ्यांचीच तुलना करावी. दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेरही मोजावा.

चार आठवड्यांत सरासरी अजिबात हलली नाही, तर आधी आठवडाभर तेल, साखर, दाणे मोजून-मापून नोंद करावी. नोंद बरोबर असूनही फरक नसेल, तर रोजचे शंभर उष्मांक आणखी कमी करावेत. याउलट आठवड्याला एक किलोहून अधिक वजन सतत उतरत असेल, केस गळत असतील, थकवा किंवा चक्कर येत असेल, तर शंभर-दीडशे उष्मांक वाढवावेत. पाच-सात टक्के वजन कमी झाल्यावर दोन-तीन महिने तेथेच थांबून ते टिकविण्याचा सराव करणे श्रेयस्कर. नव्या वजनाचा खर्च सूत्राने पुन्हा काढावा आणि मगच पुढचा टप्पा ठरवावा.

कोणी स्वतःच्या मनाने करू नये?

गर्भवती व स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुले-मुली, मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकारातून गेलेल्या व्यक्ती यांनी उष्मांकांची कपात स्वतः ठरवू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे चालू असताना जेवण एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. औषधांची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. वृद्धांत वजनापेक्षा स्नायूंची जपणूक महत्त्वाची ठरते. वजन घटविणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. ती घेणाऱ्यांची भूक मंदावते. अशा वेळी थोड्या अन्नात पुरेशी प्रथिने बसविण्याचा हिशेब अधिकच आवश्यक होतो.

देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले होते. यांतील बहुतेकांना कठोर आहाराची नव्हे, वर्षानुवर्षे पाळता येईल अशा आहाराची गरज आहे. आरंभ करू इच्छिणाऱ्यांनी हा पहिला आठवडा काहीही कमी न करता केवळ नोंदीसाठी द्यावा. तेलाच्या पिशवीवर आणल्याची तारीख लिहावी, चहाचे कप मोजावेत, भाकरीचे पीठ एकदा तरी वजन करून घ्यावे. दुसऱ्या आठवड्यात सूत्राने खर्च काढून त्यातून तीनशे वजा करावेत. पहिली कपात तेल, साखर आणि दाण्याच्या कुटातून करावी. भाकरी, वरण आणि भाजीला शेवटी हात लावावा.